स्ट्रक्ट म्हणजे फाईल फॉरमॅट नव्हे: बायनरी फाईल लिहिताना आणि वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोजवर चालणारा एक सी प्रोग्रॅम सेन्सरचं तापमान फाईलमध्ये साठवतो. प्रत्येक रेकॉर्डमध्ये तीन गोष्टी आहेत: प्रकार सांगणारं एक अक्षर (कॅर), तापमान (डबल) आणि सेन्सरचा क्रमांक (इंट). तापमान अर्ध्या अंशाच्या पटीत येतं. या तिन्हींचा मिळून एक स्ट्रक्ट (अनेक सदस्य एकत्र ठेवणारा सीमधला प्रकार) आहे. त्याचा मेमरीतला पत्ता आणि साइझऑफ (बाइटमधला आकार) देऊन एफराइट या फाईलमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनने अख्खा स्ट्रक्ट लिहिला जातो. रेकॉर्ड १ + ८ + ४ म्हणजे १३ बाइटचं व्हायला हवं होतं, पण फाईल जवळजवळ दुप्पट मोठी होते. तीच फाईल लिनक्सवर पायथनने वाचली तर पहिलं रेकॉर्ड बरोबर येतं, पुढे कचरा, आणि मधूनच एखादं रेकॉर्ड पुन्हा बरोबर येतं. सेन्सर क्रमांक १० च्या नोंदी असलेल्या फाईली हमखास बिघडतात. विंडोजवर त्याच प्रोग्रॅमने फाईल परत वाचली तर सेन्सर २६ ची नोंद आली की वाचन थांबतं, जणू फाईल तिथेच संपली.

इथे तीन वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतले आहेत. तिन्हींचं मूळ मात्र एकच: फाईलमध्ये कोणता बाइट कुठे जाईल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलेलं नाही. ते कम्पायलरने, प्रोसेसरने आणि सी लायब्ररीने परस्पर ठरवलंय.

आधी आकार. मेमरीत डबल ८ च्या पटीतल्या पत्त्यावर असावा अशी ६४ बिट यंत्रांवर रीत आहे. म्हणून एका बाइटच्या कॅरनंतर कम्पायलर ७ बाइट मोकळे सोडतो, मग डबल, मग ४ बाइटचा इंट. स्ट्रक्टचा अ‍ॅरे केला तर पुढच्या स्ट्रक्टमधला डबलही ८ च्या पटीतच यायला हवा, म्हणून शेवटी आणखी ४ बाइट रिकामे. बेरीज २४. हे मोकळे बाइट म्हणजे पॅडिंग. प्रकार ‘टी’ (आस्की ८४), तापमान २३.५ आणि सेन्सर १० असं रेकॉर्ड फाईलमध्ये असं दिसायला हवं:

८४ | ? ? ? ? ? ? ? | ० ० ० ० ० १२८ ५५ ६४ | १० ० ० ० | ? ? ? ?

प्रश्नचिन्हांच्या जागी काय असेल याची सी कुठलीही हमी देत नाही. मेमरीत त्या जागी आधी जे पडलं होतं ते तसंच फाईलमध्ये जातं. म्हणजे दोन वेळा नेमका तोच डेटा लिहिला तरी दोन फाईली बाइट-बाइट सारख्या निघतीलच असं नाही, आणि चेकसमने (सगळ्या बाइटांवरून काढलेल्या पडताळणीच्या संख्येने) तुलना करणारी यंत्रणा विनाकारण बोंब मारते. त्याहून वाईट म्हणजे त्या जागेत आधी पासवर्डचा तुकडा असला, तर तोही फाईलसोबत बाहेर जातो.

हा आकडा पक्का नाही, हेही लक्षात घ्या. ३२ बिट लिनक्सवर हाच स्ट्रक्ट १६ बाइटचा होतो, कारण तिथे स्ट्रक्टमधल्या डबलला ४ च्या पटीतला पत्ता चालतो. सदस्यांचा क्रम बदलून कॅर, इंट, डबल असा केला, तर ६४ बिटवरही १६ च. म्हणजे कुणीतरी कोड ‘जरा नीटनेटका’ करताना दोन ओळींची अदलाबदल केली, तर जुन्या सगळ्या फाईली वाचता येणं बंद, आणि कम्पायलर चकार शब्द काढणार नाही. इंटच्या जागी लाँग असता तर आणखी गंमत: ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो आणि ६४ बिट विंडोजवर ४ चा.

आता पायथन. तिथे स्ट्रक्ट मॉड्यूलला ‘बीडीआय’ (बी म्हणजे एक बाइट, डी म्हणजे डबल, आय म्हणजे इंट) हा साचा दिला असणार, सुरुवातीला कुठलंही चिन्ह न लावता. चिन्ह नसलं की पायथन त्या यंत्राच्या सी कम्पायलरसारखं पॅडिंग धरतं, पण फक्त सदस्यांच्या मधलं. शेवटचं पॅडिंग ते धरत नाही. म्हणून पायथनच्या हिशेबाने रेकॉर्ड २० बाइटचं, फाईलमध्ये मात्र २४ चं. पहिलं रेकॉर्ड जुळतं, दुसऱ्यापासून घसरण सुरू. २० आणि २४ चा लसावि १२०, म्हणून पायथनने वाचलेलं सातवं रेकॉर्ड पुन्हा अचूक जागेवर पडतं, मग तेरावं. ‘मधूनच बरोबर येतं’ म्हणतात ते हे. बायनरी फाईल चुकीची वाचली जात असेल तर चुका कितव्या रेकॉर्डला जुळतात-तुटतात हे मोजा. आकारातला फरक बहुतेक वेळा त्यातूनच सापडतो.

सेन्सर १० ची गोष्ट वेगळी आहे. फाईल उघडणाऱ्या एफओपनला ‘डब्ल्यू’ दिलंय, ‘डब्ल्यूबी’ नाही. त्यामुळे विंडोजवर फाईल टेक्स्ट मोडमध्ये उघडते. टेक्स्ट मोडमध्ये मूल्य १० चा प्रत्येक बाइट ‘नवी ओळ’ समजला जातो आणि लिहिताना लायब्ररी त्याच्या आधी १३ घुसवते. वरचं रेकॉर्ड मग असं होतं:

८४ | ? ? ? ? ? ? ? | ० ० ० ० ० १२८ ५५ ६४ | १३ १० ० ० ० | ? ? ? ?

२४ चे २५ बाइट झाले आणि पुढची सगळी रेकॉर्ड एका घराने सरकली. तापमान अर्ध्या अंशाच्या पटीत असल्यामुळे डबलचे खालचे बाइट शून्य राहतात आणि तुमच्या मापांत वरच्या बाइटमध्येही १० येत नाही, म्हणून दोष फक्त सेन्सर क्रमांकात किंवा पॅडिंगच्या कचऱ्यात दिसला. तापमान २३.४७ सारखं असतं तर १० कुठेही उगवला असता आणि हे कोडं सुटायला फार वेळ लागला असता. क्रमांक २६६ असता तरीही हेच झालं असतं, कारण २६६ म्हणजे २५६ + १०, आणि त्याचा खालचा बाइट १० च असतो.

२६ चं कारणही टेक्स्ट मोडच. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाईलची लांबी १२८ बाइटच्या गठ्ठ्यांत मोजली जायची. शेवटच्या गठ्ठ्यात मजकूर नेमका कुठे संपला हे सांगायला २६ हा बाइट लिहीत. डॉसने ती सवय उचलली, विंडोजच्या सी लायब्ररीत ती अजून आहे: टेक्स्ट मोडमध्ये वाचताना २६ दिसला की फाईल संपली असं ती सांगते.

दुरुस्ती एका अक्षराची: लिहिताना ‘डब्ल्यूबी’, वाचताना ‘आरबी’, शेवटी जोडताना ‘एबी’. लिनक्सवर ‘बी’ असला-नसला तरी फरक पडत नाही. तिथे चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. म्हणून तो ‘बी’ हाताला सवयीचा करून टाका.

मोड निवडताना आणखी दोन खाचखळगे. ‘डब्ल्यू’, ‘डब्ल्यूबी’ किंवा ‘डब्ल्यूबी+’ मोड आधीपासूनची फाईल उघडताक्षणी रिकामी करतो; आहे त्या फाईलमधलं एखादं रेकॉर्ड बदलायचं असेल तर ‘आरबी+’ हवा. ‘ए’ने सुरू होणाऱ्या मोडमध्ये एफसीकने (फाईलमधली जागा बदलणाऱ्या फंक्शनने) कुठेही जा, लिखाण शेवटीच होतं. आणि ‘+’ असलेल्या मोडमध्ये वाचल्यानंतर लगेच लिहायचं असेल, तर मध्ये एफसीक करावाच लागतो, जागा तीच असली तरी. सी भाषेच्या मानकातच तसं लिहिलंय. हे विसरल्यावर एका कम्पायलरवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर गप्प बसून चुकीचं लिहितो.

तिसरा दोष अजून उघड झालेला नाही, कारण दोन्ही यंत्रं एकाच जातकुळीची आहेत. १००० ही संख्या चार बाइटमध्ये लिहायची तर ती ३ × २५६ + २३२ अशी मांडावी लागते. इंटेल, एएमडी आणि आजचे बहुतेक एआरएम प्रोसेसर खालचा बाइट आधी ठेवतात: २३२ ३ ० ०. हे लिटल एंडियन. वरचा बाइट आधी ठेवला तर ० ० ३ २३२, हे बिग एंडियन. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने सरळ उचललं की १००० चे ३,८९,२५,१०,७२० होतात, आणि तो इंट चिन्हाचा (उणे संख्याही धरणारा) असेल तर उणे ४०,२४,५६,५७६. असा अवाढव्य आकडा दिसला की पहिला संशय बाइटच्या क्रमावर घ्यावा.

हे फक्त जुन्या यंत्रांपुरतं नाही. जावाचं डेटाआउटपुटस्ट्रीम कुठल्याही प्रोसेसरवर बिग एंडियनच लिहितं, बाइटबफरही सांगितलं नाही तर तोच क्रम धरतं. पीएनजी चित्रांतल्या संख्या बिग एंडियन, बीएमपीतल्या लिटल एंडियन. टिफने दोन्ही मान्य केले आणि फाईलच्या पहिल्या दोन बाइटवर क्रम सांगायची सोय केली: ‘आयआय’ असेल तर लिटल, ‘एमएम’ असेल तर बिग. माझ्या मते ही सोय वाचणाऱ्याच्या डोक्याला ताप आहे. स्वतःचा फॉरमॅट करत असाल तर एकच क्रम ठरवा आणि लिहून ठेवा. लिटल एंडियन निवडलात तर बहुतेक यंत्रांवर तो आयताच जुळतो.

मग लिहायचं कसं? प्रत्येक सदस्य स्वतः बाइटमध्ये फोडून. चार बाइटच्या संख्येसाठी एवढंच:

बफ[०] = मूल्य & २५५
बफ[१] = (मूल्य >> ८) & २५५
बफ[२] = (मूल्य >> १६) & २५५
बफ[३] = (मूल्य >> २४) & २५५

इथे बफ हा चिन्हरहित कॅरचा अ‍ॅरे आणि मूल्य ३२ बिट चिन्हरहित पूर्णांक (सी९९ पासून एसटीडीइंट हेडरमध्ये असे नेमक्या मापाचे प्रकार मिळतात). वाचताना उलट: प्रत्येक बाइट आधी ३२ बिट चिन्हरहित करून घ्या, मग डावीकडे सरकवा आणि ‘ऑर’ने जोडा. ‘आधी करून घ्या’ यावर मुद्दाम जोर देतोय. तसं न करता १२८ किंवा त्याहून मोठा बाइट थेट २४ घरं सरकवला तर तो चिन्हाच्या इंटमध्ये मावत नाही, आणि पुढे काय होईल हे सी सांगत नाही. डबलसाठी मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उचलणाऱ्या फंक्शनने) त्याचे ८ बाइट ६४ बिट चिन्हरहित पूर्णांकात घ्या आणि तो याच पद्धतीने फोडा. रोजच्या वापरातली जवळजवळ सगळी यंत्रं आयईईई ७५४ हे दशांश संख्या साठवण्याचं मानक पाळतात, त्यामुळे डबलच्या आत डोकवायची गरज पडत नाही.

या कोडला एंडियनपणाशी देणंघेणंच नाही, हे पाहा. यंत्र कुठलं आहे हे तपासणारी अट नाही, पॅडिंग नाही. ‘हळू पडेल’ ही शंका नेहमी येते. जीसीसी आणि क्लँग ऑप्टिमायझेशन चालू असताना हा साचा ओळखतात आणि शक्य तिथे त्याची एकच सूचना करतात. अख्खं रेकॉर्ड एका बफरमध्ये रचून एकदाच एफराइट केलं की झालं.

‘प्राग्मा पॅक (कम्पायलरला दिलेली सूचना) लावून पॅडिंग काढून टाकलं तर?’ असंही विचारलं जातं. बीएमपी चित्राच्या सुरुवातीच्या फाईल-हेडरसाठी विंडोजच्या सी हेडर फाईलमध्ये ते केलेलं आहेच. ते हेडर १४ बाइटचं: ‘बीएम’ ही दोन अक्षरं आणि लगेच ४ बाइटचा आकार. पॅक नसेल तर कम्पायलर मध्ये २ बाइट घालतो आणि पुढचं सगळं चुकतं. पण पॅकने एंडियनचा प्रश्न सुटत नाही, आणि पॅक केलेल्या स्ट्रक्टच्या सदस्याचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला दिला तर काही प्रोसेसरवर प्रोग्रॅम कोसळतो. एकाच प्लॅटफॉर्मवर पटकन काहीतरी वाचायचं असेल तर चालेल. वर्षानुवर्षं टिकायच्या फाईलसाठी नको.

मजकूर साठवताना तर स्ट्रक्ट ओतण्याचा प्रश्नच नाही. स्ट्रक्टमध्ये कॅर पॉइंटर असेल तर फाईलमध्ये पत्ता जातो, मजकूर नाही. आणि तो पत्ता पुढच्या वेळी निरर्थक असतो. आधी लांबी लिहा, मग तेवढे यूटीएफ-८ बाइट. लांबी बाइटमध्ये मोजायची, अक्षरांत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. ‘नावासाठी २० बाइट पुष्कळ झाले’ असं म्हणून ठरीव जागा दिली तर तिथे ६ चिन्हं मावतात आणि सातव्याचे २ बाइट लोंबकळत राहतात. ते वाचताना पायथन सरळ एरर देतं, इतर भाषा कधीकधी चौकोन दाखवून मोकळ्या होतात.

वाचताना एफरीडने किती घटक परत दिले ते दर वेळी तपासा. ‘एफईओएफ (फाईल संपली का हे सांगणारं फंक्शन) खोटं असेपर्यंत फिरत राहा’ अशी लूप लिहू नका. वाचायचा प्रयत्न अपुरा पडल्यावरच एफईओएफ खरं होतं, त्यामुळे शेवटचं रेकॉर्ड दोनदा मोजलं जातं. लूपची अट एफरीडच्या उत्तरावरच ठेवा. गेटसी वापरत असाल तर त्याचं उत्तर इंटमध्येच घ्या. कॅरमध्ये घेतलं तर २५५ हा खराखुरा बाइट आणि फाईल संपल्याची उणे १ ही खूण यांत फरक उरत नाही. जावातही तेच, वर तिथला बाइट उणे १२८ ते १२७ असतो, म्हणून २५५ शी ‘अँड’ करून घ्यावा लागतो.

फाईलमधल्या लांब्यांवर आंधळा विश्वास नको. पुढे चार अब्ज रेकॉर्ड आहेत असं हेडर म्हणत असेल, पण फाईलच दोन केबीची असेल, तर मेमरी मागण्याआधी हा हिशेब करा. बिघडलेली किंवा मुद्दाम बनवलेली फाईल इथूनच आत शिरते. पायथनमधल्या पिकलबद्दलही (वस्तू फाईलमध्ये साठवण्याच्या सोयीबद्दलही) हेच: परक्याने दिलेली पिकल फाईल उघडणं म्हणजे त्याचा कोड आपल्या यंत्रावर चालवणं.

लिहिण्याच्या बाजूला सगळ्यात दुर्लक्षित फंक्शन म्हणजे एफक्लोज. एफराइट यशस्वी झालं याचा अर्थ बाइट बफरमध्ये गेले एवढाच. डिस्क भरलेली असेल तर ते कळतं एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी. त्याचं उत्तर तपासलं नाही तर अर्धवट फाईल ‘यशस्वी’ म्हणून पुढे जाते.

तुमच्या कामासाठी मी असा फॉरमॅट ठरवेन. १६ बाइटचं हेडर: ८ बाइटची ओळखखूण, २ बाइट आवृत्ती, २ बाइट रेकॉर्डची लांबी, ४ राखीव. ओळखखुणेसाठी पीएनजीचा धडा गिरवावा. तिचे पहिले ८ बाइट असे आहेत:

१३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०

मधली ८०, ७८, ७१ म्हणजे ‘पीएनजी’ ही अक्षरं. १३७ हा ७ बिटमध्ये मावत नाही, म्हणून आठवा बिट खाणारा, फाईल पाठवायचा मार्ग लगेच पकडला जातो. १३ १० ही जोडी आणि शेवटचा एकटा १० मिळून टेक्स्ट मोडची दोन्ही दिशांची मोडतोड उघडी पाडतात. २६ मुळे डॉसवर चुकून मजकूर म्हणून छापली तरी फाईल तिथेच थांबते. तुमचे १० आणि २६ चे दोन्ही घोळ या आठ बाइटांवरच, पहिल्या वाचनाला, पकडले गेले असते.

हेडरमध्ये रेकॉर्डची संख्या मी मुद्दाम ठेवलेली नाही. नोंदी सतत जोडल्या जात असताना वीज गेली तर ती संख्या खोटी ठरते. फाईलच्या लांबीवरून ती काढता येते. रेकॉर्ड १३ बाइटचं, त्यामागे ४ बाइट सीआरसी-३२ (बाइट बिघडलेत का हे सांगणारा चेकसम), एकूण १७. लांबीतून १६ वजा करून १७ ने भागल्यावर बाकी उरली तर शेवटचं रेकॉर्ड अर्धवट आहे, ते सोडून द्यायचं. रेकॉर्डची लांबी हेडरमध्ये असल्यामुळे उद्या सीआरसीच्या आधी आणखी एक सदस्य घातला, तरी जुना वाचक आपल्याला कळतं तेवढं घेऊन उरलेल्यावरून पुढे जाऊ शकतो. पायथनमध्ये साच्याच्या सुरुवातीला ‘<’ लावा: लिटल एंडियन, पॅडिंग शून्य, ‘बीडीआय’चे नेमके १३ बाइट.

हे सगळं वाचून ‘एवढं कशाला’ वाटत असेल आणि नोंदींमध्ये शोधाशोधही करायची असेल, तर एसक्यूलाइट (एकाच फाईलमध्ये राहणारा डेटाबेस) वापरा. तिची फाईल कुठल्याही प्रोसेसरवर तशीच उघडते. स्वतःचा फॉरमॅट तेव्हाच करावा जेव्हा उपकरण लहान आहे किंवा वेग खरोखर अडतोय.

शंका आली की हेक्स डम्प, म्हणजे फाईलमधल्या बाइटांची यादी बघा. त्यासाठी एक्सएक्सडी ही कमांड चांगली. हेक्सडम्प ही कमांड वापरत असाल तर ‘-सी’ (इंग्रजी मोठा सी) हा पर्याय द्या. नुसतं चालवलं तर ते दोन-दोन बाइट एकत्र धरून यंत्राच्या क्रमाने दाखवतं, आणि लिटल एंडियन यंत्रावर जोड्या उलट्या दिसतात. त्या पाहून लोक नसलेला एंडियन दोष शोधत बसतात.

राहिल्या जुन्या बिघडलेल्या फाईली. त्या टाकू नका. टेक्स्ट मोडने लिहिताना प्रत्येक १० च्या आधी एक १३ घातलाय, अपवाद न करता. मूळ डेटात १३ १० अशी जोडी असेल तर तीही १३ १३ १० झाली आहे. म्हणून लिनक्सवर, किंवा विंडोजवर ‘आरबी’ने फाईल उघडून, प्रत्येक १० च्या लगेच आधीचा एकच १३ काढला की मूळ बाइट जसेच्या तसे परत येतात. काढण्याआधी एक तपासणी करा: आधी १३ नसलेला एकही १० फाईलमध्ये सापडला, तर ती फाईल या दोषाने बिघडलेली नाही, तिला हात लावू नका. काढल्यावर लांबी २४ ने निःशेष भागली जायला हवी. मग पायथनमध्ये ‘<’ नंतर बी, सात एक्स, डी, आय, चार एक्स असा साचा देऊन (एक्स म्हणजे सोडून द्यायचा बाइट) रेकॉर्ड वाचा आणि नव्या फॉरमॅटमध्ये वेगळ्या नावाने लिहा. मूळ फाईलची प्रत तोवर जपून ठेवा.